उपकरण भाडे

बिलाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात:
उपकरण भाडे, शंभर अधिक अठरा.
सहा वर्षं चार महिने मी ते वाचलं नाही.
वाचलं शालननं,
चष्मा कपाळावर सरकवून,
आणि दूध संघाच्या कॅलेंडरमागं
पेन्सिलीनं गुणाकार मांडला.
आठ हजार नऊशे अडुसष्ट.
खाली दोन रेघा.
"म्हैस आली असती," म्हणाली.
एवढ्यात म्हैस येत नाही, मी म्हणालो.
"रेडकू तरी आलं असतं की."

तिच्या माहेरी, बावड्यात,
दूध विकत आणणं म्हणजे नाचक्की.
सासरे म्हणायचे,
धार काढायचा कंटाळा आला
की माणसाचं गिऱ्हाईक होतं.

मी चाळीस वर्षं लेथवर.
उद्यमनगरात शेड मालकाची, मशीन मालकाचं,
बाहेरचा चहाचा गाडा मालकाच्या मेहुण्याचा.
मायक्रोमीटर तेवढा माझा.
लाल मखमलीच्या डबीत
रोज नेला, रोज परत आणला,
कुणाला उसना दिला नाही,
साडूलाही नाही, त्यावरून दोन वर्षं अबोला होता.
आणि इथं घरात, टीव्हीच्या कपाटावर
परका डबा बसलाय डोळे मिचकावत,
पोटाखाली स्टिकर: कंपनीची मालमत्ता.
शालन रोज पुसायची.
मालमत्ता त्यांची, धूळ आमची.

तौफिक मुजावर वसुलीला आला.
त्याच्या वडिलांनी गल्लीतली पहिली तार
आमच्याच गच्चीवरून ओढली,
शिडी मी धरली होती.
"काका, स्वतःचा घेतलासा तर
कंपनी जबाबदार न्हाई बरं का."
आजवर होती का रे?
तो हसला. बशीत चहा ओतला.
जाताना पावतीच्या पाठीवर मॉडेल नंबर लिहिला,
"मी सांगितलं म्हणू नका."

राजारामपुरी, पाचवी गल्ली. एकवीसशे पन्नास.
"लावायला माणूस पाठवू? तीनशे घेतो."
मी पैसे मोजायला हात पुढं केला.
तर्जनीचं वरचं पेर नाही,
ते बघून पोरगं गप्प झालं.

तारेच्या टोकाला पितळी नट.
बारीक आटे, पण सच्चे.
पहिला आटा तिरका बसला की सगळंच तिरकं,
हे शिकवायला मला कंपनी लागत नाही.
बोटांनीच आवळला.
मग फोनवरच्या बाईला
डब्याखालचा नंबर सांगायचा.
शालन वाचू लागली: चार, सी, शून्य, डी...
"बी का डी, मॅडम?"
"डी. डी, डब्याचा."

तीन दिवे लागले. चौथा लागेना.
अर्धा तास आम्ही दोघं
पाळण्यापुढं बसावं तसे बसलो.
लागला तेव्हा शालन उठून
भाताकडं गेली. करपला होता.

जुना डबा परत द्यायला गेलो
तर काउंटरवर म्हणाले, छोटी वायर कमी आहे.
अनामत रकमेतून अडीचशे कापले.
वायर घरीच निघाली नंतर, सुतळीच्या डब्यात.
गेलो नाही परत.
असू दे, तेवढी एक त्यांची मालमत्ता.

परवा रात्री अकराला सगळंच बंद.
"तौफिकला लावा," शालन अंथरुणातून.
फोन उचलला आणि तसाच ठेवला.
काय सांगणार त्याला?
तार तुमची, नट माझा,
बिघाड नेमका कुठल्या हद्दीत?
बॅटरी घेऊन कपाटामागं वाकलो.
धूळ, एक पाल, शालनची हरवलेली पिन.
आटा अर्धा फेर सैल होता.

बिल मी मखमली डबीखाली ठेवलंय.
एक वर्षाची वॉरंटी, मार्चपर्यंत.
त्यानंतर तो खरा माझा,
म्हणजे बिघडायलाही मोकळा.